बिनवासाचं माशाचं तेल

साजगावच्या कंपनीतून रिटायर होताना आबाजी ठोंबऱ्यांना साहेबांनी शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. शाल आबाजींनी अंगावर घेतली. श्रीफळ मात्र तिथंच, स्टेजवर, सगळ्यांच्या देखत कानाशी धरून हलवून पाहिलं. आत पाणी होतं, तेव्हा कुठं त्यांनी साहेबांना नमस्कार केला. घड्याळ घरी आल्यावर आठवडाभर टीव्हीवरच्या बातम्यांशी ताडून पाहिलं आणि मगच त्याला भिंतीवर जागा मिळाली.

यात त्यांचा काही दोष नाही. एकतीस वर्षं त्यांनी कंपनीच्या गेटावरचा वजनकाटा सांभाळला होता. रिकामा ट्रक आला की आधी काट्यावर, भरून निघाला की पुन्हा काट्यावर, आणि दोन वजनांतला फरक म्हणजे माल. काम म्हणाल तर इतकं सोपं. पण भंगार उचलायला येणारे ड्रायव्हर त्या सोप्या कामात काय काय घालत! येताना पाण्याची चार पिंपं काठोकाठ भरून आणायची, केबिनमध्ये मेहुणे नि साडू कोंबायचे, म्हणजे रिकामी गाडीच जड भरते. आत गेलं की पिंपं ओतायची, मेहुण्यांना मागच्या बाजूनं चहाला पिटाळायचं, आणि तेवढ्या वजनाचं भंगार फुकटात वर चढवायचं. म्हणून आबाजी प्रत्येक गाडीच्या पायरीवर चढत आणि सीटखाली वाकून बघत. एकदा सीटखाली अख्खा माणूस घोंगडी पांघरून निजलेला सापडला.

"आजारी हाय वो तो," ड्रायव्हर काकुळतीनं म्हणाला.

"मग उतरव त्याला. वजन करतो नि दवाखान्यात धाडतो," आबाजी म्हणाले. आजारी माणूस उडी मारून पळाला, तो थेट खोपोलीच्या रस्त्याला लागला.

असा हा माणूस रिटायर होऊन खालापूरच्या नाक्यापासून वीस मिनिटांवरच्या आपल्या गावात ओट्यावर येऊन बसला. नोकरी संपली तरी वाकून बघायची सवय काही संपली नाही. दूधवाल्याची किटली, रेशनची साखर, पोस्टमनची सही, सगळं त्यांच्या नजरेखालून जायचं. बायको, जयवंताबाई, चाळीस वर्षं हे बघत आल्या होत्या. "यांनी लग्नात अंतरपाट उचलूनसुदा बघितला व्हता," असं त्या बायकांत सांगत, आणि ते खोटं नव्हतं.

अशा घरात होळीच्या सणाला लेक सुप्रिया बदलापूरहून आली, ती माशाच्या तेलाच्या गोळ्यांची बाटली घेऊन.

"बाबा, रोज एक घ्यायची. हृदयाला चांगली असते. आमच्या ऑफिसात सगळे घेतात."

आबाजींनी बाटली उजेडाकडं धरली. आत पिवळ्याधमक, पारदर्शक, बाभळीच्या डिंकासारख्या नव्वद गोळ्या.

"कसलं तेल हे?"

"माशाचं."

"कुठला मासा?"

"समुद्रातला, बाबा."

"समुद्रात काय एकच मासा हाय? बांगडा, बोंबील, वाकटी, कायतरी नाव असंल ना त्याला?"

सुप्रियानं बाटलीवरची बारीक अक्षरं डोळ्यांजवळ नेऊन वाचली. इंग्रजीत पुष्कळ काही होतं, पण माशाचं नाव नव्हतं. आबाजींनी झाकण उघडून नाक आत घातलं आणि बराच वेळ आतच ठेवलं.

"सुप्रिया, आपल्याकडं दोन बोंबील भाजले तर चार घरं पल्याडची मांजर दारात येऊन बसते. आणि हितं बाटली भरून मासा, नि वास नाय? हा मासा काय मेल्यावर साबणानं आंघोळ करून आला?"

एवढ्यावर थांबतील तर ते आबाजी कसले. त्यांनी एक गोळी अंगणात मांजरीपुढं टाकली. मांजरीनं ती हुंगली, पंजानं दोनदा इकडून तिकडं ढकलली, आणि गोट्या खेळून कंटाळलेल्या माणसासारखी निघून गेली.

"बघ. जनावराला कळतं."

सुप्रियाच्या डोळ्यांत पाणी आलं. "मोठे काका शेताच्या बांधावर बसल्या जागी गेले ते विसरलात? त्यांनाही कुणी काही सांगितलं की असंच हसायचे." मग ती आईकडं वळली. "आई, तू तरी बघ गं."

जयवंताबाईंनी बाटली उचलली आणि फडताळात, हिंगाच्या डबीशेजारी ठेवून दिली.

पंधरा दिवसांनी आबाजींनी सहज म्हणून ती बाटली मोजली. बारा गोळ्या कमी भरल्या. मांजरीची एक वजा जाता अकरा उरतात.

"जयवंते, या कुठं गेल्या?"

"मी घेते. गुडघ्यांना बरं वाटतं," चुलीकडं तोंड करून जयवंताबाई म्हणाल्या.

"काळजाची गोळी गुडघ्यात कशी गेली?"

"जाऊ दे ना तिची ती. लेकीनं आणलंय, फुकट का घालवायचं?"

आबाजींनी पुढं चार दिवस बायकोच्या तोंडाचा रंग, जिभेचा रंग आणि नखं तपासली. काही फरक दिसला नाही. मग त्यांनी तो विषय सोडला. बाटली संपली की बदलापूरहून दुसरी येई. सुप्रिया फोनवर विचारी, "बाबा घेतात ना गं?" आणि जयवंताबाई सांगत, "घेतात बाई, न चुकता घेतात." आबाजी ओट्यावरून हे ऐकत आणि बायको लेकीचं मन राखते म्हणून मनात कौतुक करत.

मे महिन्यात एका दुपारी, जेवून पडले असताना, आबाजींच्या छातीत कुणीतरी पोतं उलटं करून खेकडे, चांगल्या मोठ्या चिंबोऱ्या, सोडल्या. दुसऱ्या शब्दांत सांगता येणार नाही. सगळीकडं नुसती खळबळ, एक ठोका इकडं, दोन तिकडं, मधेच काहीच नाही, मग एकदम चार. दहा मिनिटांनी चिंबोऱ्या जिथून आल्या तिथं निघून गेल्या. आबाजी उठून बसले. डोळ्यांसमोर बांधावर बसलेला थोरला भाऊ आला. त्यालाही आधी असंच होत असेल, आणि त्यानं कुणाला सांगितलं नसेल.

आबाजींनीही दोन आठवडे कुणाला सांगितलं नाही. तिसऱ्या वेळी मात्र जयवंताबाईंनी त्यांना छाती धरून बसलेलं बघितलं. त्यांच्या हातातलं सूप खाली पडलं.

"अवो, दवाखान्यात चला!"

"रिकाम्या हातानं कसं जायचं? ते विचारतील कशानं होतं, तर काय सांगू? आधी आपण शोधून काढायचं."

आणि त्यांनी कंपनीची जुनी डायरी काढली. गेली एकतीस वर्षं जी पद्धत, तीच आता. माल काढून वजन करायचं, माल घालून वजन करायचं. आधी त्यांनी चहा काढला. आठ दिवस चहा बंद, तरी चिंबोऱ्या आल्या. मग लोणचं, मग टीव्हीसमोरची खुर्ची, मग गावाच्या टोकाला झालेला नवा मोबाइलचा टॉवर. टॉवर काढता येईना, म्हणून ते स्वतःच चार दिवस टेकडीपलीकडच्या भाच्याकडं राहून आले. तिथंही सकाळी आंघोळीच्या वेळी छातीत पोतं उलटलं.

गोळ्यांचाही संशय आला, नाही असं नाही.

"तुला छातीत काय व्हतं का गं?"

"नाय वो," जयवंताबाई तांदूळ निवडत म्हणाल्या.

आबाजींनी डायरीत लिहिलं: 'तेलाच्या गोळ्या. जयवंता रोज घेते. तब्येत ठणठणीत. गोळ्या निर्दोष.' आणि खाली सही केली.

मग श्रावण लागला. घरात महिनाभर मासळी नाही, अंडंसुद्धा नाही. पहिल्या पंधरवड्यात चिंबोऱ्या दोनदा आल्या, दुसऱ्या पंधरवड्यात एकदाही नाही. आबाजी डोंगरापर्यंत चालत जाऊन आले, तरी काही नाही. गणपती आले, गेले. मासळी सुरू झाली. आणि जेमतेम तीन आठवड्यांत एके सकाळी छातीत पुन्हा तेच पोतं उलटलं. यावेळी आबाजी घाबरण्याच्या आधी खूश झाले. उठून त्यांनी डायरीत मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'मासळी.'

मासळी त्यांच्याकडं एकाच माणसाकडून यायची. डोंगराखालच्या वाडीवरची आवडी उन्हाळ्यात बाजारातून आणलेली सुकट विकायची आणि पावसाळ्यानंतर नवरा नवशानं नदीत धरलेले मासे, झिंगे. पंधरा वर्षं ती पाटी पहिली उतरवायची ती ठोंबऱ्यांच्या ओट्यावर. त्या बुधवारीही उतरवली.

"आबा, झिंगे हायेत. आताच धरलेत, बघा कसे उड्या मारतात."

आबाजी पाटीवर वाकले. "कुठं धरलेस?"

"नदीला."

"नदीला ते कळलं. कंपन्यांच्या नाल्याच्या वरच्या अंगाला का खालच्या?"

"वरच्या! नवशा पार बंधाऱ्यापल्याड जातो जाळं घेऊन. खाली घाण पाणी येतं, तिथं कोण धरंल? आमाला काय पोरंबाळं नायत?"

"याला पुरावा काय?"

आवडीनं कमरेवर हात ठेवले. "झिंगा काय आधारकार्ड घेऊन येतो काय, आबा?"

आबाजींनी सगळं सांगितलं. श्रावण, गणपती, छातीतलं पोतं, डायरी. आवडीनं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाली, "तेच झिंगे आमी खातो, तेच पोरं खातात. माझा सासरा ऐंशीचा हाय, अजून झाडावर चढतो. पंधरा वरसं हितं पाटी उतरवते मी. मावशे, तू तरी बोल की गं."

दारात उभ्या असलेल्या जयवंताबाईंनी तोंड उघडलं, मिटलं, आणि त्या आत गेल्या. आत काहीतरी भांडं जोरात आपटल्याचा आवाज आला.

आवडीनं पाटी उचलली. पुढच्या बुधवारी ती गल्लीच्या पलीकडच्या कडेनं, ओट्याकडं न बघता गेली. तोवर आबाजींनी शेजारच्या तीन घरांतही सावध राहायला सांगून ठेवलं होतं.

आता ते स्वतः खोपोलीच्या बाजारातून सुकट आणू लागले, निवडून, हुंगून, उन्हात धरून. आणि चिंबोऱ्या जास्तच येऊ लागल्या. डायरीचा सगळा हिशेब कोसळला. एके सकाळी खालापूरच्या स्टँडवर एसटीची वाट बघताना पोतं उलटलं ते तासभर सरळच होईना. पायांतलं बळ गेलं, कपाळाला घाम आला. ओळखीच्या रिक्षावाल्यानं त्यांना घरी आणून सोडलं, आणि जयवंताबाईंनी चुलीवरचं भांडं तसंच उतरवून, पदर खोचून, त्याच रिक्षात बसत सांगितलं, "कर्जतला. भिसेगावात काळजाच्या डॉक्टरीणबाई बसतात, तिथं." आबाजी डायरी घ्यायला उठणार होते. जयवंताबाईंनी त्यांच्याकडं असं बघितलं की ते बसूनच राहिले.

डॉक्टरीणबाई वयानं सुप्रियाएवढ्या. त्यांनी आबाजींना निजवून छातीला, हातापायांना वायरी लावल्या.

"ही मशीन शेवटची कधी तपासली?" आबाजींनी निजल्या निजल्या विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी मशीनच्या बाजूची चिठ्ठी बोटानं दाखवली. आबाजींनी मान उचलून तारीख वाचली आणि मगच मान खाली टेकवली. कागदाची लांब पट्टी बाहेर आली. बाईंनी ती दोनदा बघितली.

"ठोके अनियमित पडतायत, आजोबा. हृदयाचे वरचे कप्पे नीट आकसत नाहीत, नुसते थरथरतात. असं राहिलं तर तिथं रक्ताची गुठळी होऊ शकते. ती मेंदूत गेली तर अर्धं अंग लुळं पडतं. म्हणून ठोक्यांसाठी एक आणि रक्त पातळ ठेवायला एक अशी दोन औषधं मी सुरू करणार आहे. त्याआधी एक नीट सांगा. तुम्ही आणखी काय घेता? गोळी, काढा, चूर्ण, कुणी दिलेलं काहीही?"

"काय नाय. मी कुणाच्या हातचं काय घेत नाय," आबाजी अभिमानानं म्हणाले.

"ताकदीच्या गोळ्या? माशाचं तेल? हल्ली घरोघर असतं."

"ते ही घेते, गुडघ्यांना. बघा, कशी ठणठणीत हाय."

डॉक्टरीणबाईंनी जयवंताबाईंकडं बघितलं. जयवंताबाईंनी पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं.

"मी नाय घेत, बाई," त्या म्हणाल्या. "मी यांच्या वाटीत घालते."

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची त्यांच्याकडं वळवली.

"कशी?"

"सुईनं टोचते नि पिळते. फोडली की वास सुटतो, पण कालवणात तो कळत नाय ना, म्हणून मासळी असंल तवाच."

"किती?"

"लेक बोलली व्हती रोज एक. पण निम्मं तेल वाटीलाच चिकटतं, म्हणून मी दोन घालायला लागले. मग यांच्या छातीत व्हायला लागलं. मला वाटलं काळीज कमजोर झालं, नि औषध तर काळजाचंच हाय. म्हणून दुपारी दोन, सांजच्याला दोन. सोमवार, गुरुवार, शनिवार आमच्यात मासळी नसते. त्या वारांचं दुसऱ्या दिवशी भरून काढत व्हते. परवा स्टँडवर झालं... नाय, आज झालं... काल मी सहा घातल्या व्हत्या, बाई."

आबाजी वायरी लावलेल्या अंगानं निजून होते. त्यांनी इतक्या गाड्यांच्या सीटखाली बघितलं होतं. दूध, साखर, नारळ, मासा, टॉवर. एकच गोष्ट त्यांनी कधी वाकून बघितली नव्हती, आणि ती दिवसातून दोनदा त्यांच्या पुढ्यात यायची.

"याच्यामुळंच झालं असं मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही," डॉक्टरीणबाई लिहिता लिहिता म्हणाल्या. "वय आहे, प्रेशरही वाढलेलं आहे. पण जास्त प्रमाणात हे तेल घेणाऱ्या काही लोकांत नेमका हाच बिघाड जास्त दिसलाय. आणि रक्त पातळ करायचं औषध देताना मला तर हे कळायलाच हवं होतं. बरं केलंत, मावशी, आत्ता बोललात. तेल आजपासून बंद."

"आणि मासे?" आबाजींनी विचारलं.

"मासे खुशाल खा. मासे चांगले."

परतीच्या वाटेत रिक्षात जयवंताबाई बाहेर बघत होत्या, आबाजी औषधाच्या पाकिटावरची तारीख वाचत होते. घरी पोचले तोच फोन वाजला. सुप्रिया. जयवंताबाईंनी फोन हातात घेतला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी दाटलं. आबाजींनी फोन काढून घेतला.

"हां, सुप्रिया. गोळ्या ना? घेतल्या. पुष्कळ घेतल्या. आता डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्या दिल्यात, तुझ्या त्या बंद केल्यात. ...नाय गं, आई बरी हाय. तिला काय धाड भरली?"

नव्या गोळ्या सुरू झाल्या. आबाजींनी पहिले चार दिवस त्यांच्याकडंही तिरक्या नजरेनं बघितलं, पण घेतल्या. चिंबोऱ्या आठवड्यातून एकदा येऊ लागल्या, मग पंधरा दिवसांतून, त्याही थोड्या वेळापुरत्या. या काळात जयवंताबाई ताट वाढत, समोर ठेवत आणि लगेच मागच्या दारी जाऊन काहीतरी काम काढत. आबाजी जेवत. दोघं बोलत, पण दुधाबद्दल, पावसाबद्दल, शेजाऱ्याच्या म्हशीबद्दल.

एका बुधवारी आबाजी सकाळीच गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले. आवडी आली, त्यांना बघून पलीकडच्या कडेला सरकली.

"आवडे, पाटी आण."

"कशाला? झिंगे वरचे का खालचे, मला काय म्हाईत नाय बा."

"माझंच चुकलं गं."

आवडी थांबली. "मला काय सांगता? तीन घरांत सांगून ठेवलंत, तिथं जाऊन सांगा."

मग आबाजी ठोंबरे पुढं, आणि डोक्यावर पाटी घेतलेली आवडी मागं, अशी वरात तीन घरी फिरली. प्रत्येक दारात आबाजींनी घसा साफ करून सांगितलं की झिंग्यांचा काही दोष नव्हता. तिसऱ्या घरातल्या गोदाकाकूंनी विचारलं, "मग दोष कुणाचा व्हता?"

"घरातलंच काय बारीकसारीक व्हतं," आबाजी म्हणाले. "मिटलं."

त्या दुपारी जयवंताबाईंनी झिंग्यांचं कालवण केलं. ताट मांडलं, वाटी भरली. पण त्या दिवशी मागच्या दारी गेल्या नाहीत. त्या तिथंच बसल्या, भाकरीचा तुकडा मोडला, आबाजींच्या वाटीत बुडवला आणि त्यांच्यादेखत स्वतः खाल्ला.

"हे काय?" आबाजी म्हणाले.

"तुमाला बघायचं व्हतं ना."

"मी काय बोललो काय?"

"बोलला नाय. पण दीड महिना झाला, तुमी आधी वाटीकडं बघता नि मग जेवता."

आबाजींना नाही म्हणता येईना. ते खरंच बघत होते. आत्ताही बघितलं होतं.

"तुझं ताट आण," ते म्हणाले.

"मी मागनं जेवते की."

"आण म्हणतो ना."

चाळीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. जयवंताबाईंनी अवघडत आपलं ताट आणून समोर मांडलं. आबाजींनी हात लांब करून जयवंताबाईंची वाटी उचलली, आपल्याकडं ठेवली, आणि आपली त्यांच्याकडं सरकवली.

जयवंताबाईंचा चेहरा उतरला. "अजून संशय हाय तुमाला."

संशय होता की नाही, हे आबाजींना स्वतःलाही ठरवता येईना. मग त्यांनी समोरच्या वाटीत बोट फिरवून दाखवलं.

"बघ. तुझ्या वाटीत चारच झिंगे. माझ्यात सगळे भरलेस. असंच करत आलीस काय गं, इतकी वरसं?"

जयवंताबाईंनी आपल्यापुढच्या भरलेल्या वाटीतले दोन झिंगे उचलून त्यांच्या वाटीत टाकले. आबाजींनी ते बघितले, आणि जेवायला लागले.